धागा: गावातले पहिले चीज-कारखाने आणि आपल्या दूध संकलन केंद्राची पावती

चरवी
मंचर, शिरूर, बारामती, कुठेही पहाटे दूध संकलन केंद्रावर एकच क्रम दिसतो. कॅन येतो, दूध मोजलं जातं, नमुना काढतात, फॅट लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, पावती हातात पडते आणि दहा दिवसांनी बिल. हा क्रम शहरांना दूध पुरवणाऱ्यांनी बसवला असं सहसा धरलं जातं. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच गोष्टींची गरज आधी चीजवाल्यांना पडली. दूध विकणाऱ्याला आजचा दिवस निभला की झालं. चीजवाल्याला मात्र एका घरचं खराब दूध दोन महिन्यांनी, अख्ख्या गावच्या मालात सापडतं.

१८५१ पर्यंत न्यूयॉर्क राज्याच्या खेड्यांत चीज घरोघरी व्हायचं आणि ते काम बहुतेक घरातल्या बायकांचं. संध्याकाळचं दूध रात्रभर थंड ठेवायचं, सकाळचं त्यात मिसळायचं, रेनेट (दूध आवळणारं द्रव्य) लावायचं, दाबायचं, फळीवर मुरवायचं. प्रत्येक घरचा हात वेगळा, म्हणून प्रत्येक घरचं चीज वेगळं. व्यापारी यायचा तो ट्रायर घेऊन. ट्रायर म्हणजे अर्धगोल पन्हळीसारखं पोलादी पातं. ते चीजमध्ये खुपसून एक वेढा द्यायचा आणि बोटाएवढी नळकांडी बाहेर काढायची. तिचा वास घ्यायचा, टोक बोटांत चुरायचं आणि उरलेला तुकडा भोकात परत बसवून वरून चीजनेच लिंपायचं. घरागणिक हे करावं लागे आणि भाव पडून मिळे.

ओनायडा परगण्यात रोम गावाजवळच्या जेसी विल्यम्सचा हात चांगला होता. १८५१ च्या वसंतात त्याने स्वतःच्या आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या मुलाच्या, अशा दोन्ही शेतांवरच्या चीजचा सौदा पौंडाला ७ सेंटने केला. आसपासच्या इतरांना मिळत होता त्यापेक्षा हा भाव बराच वरचा होता. आपल्याला बापाच्या तोडीचं चीज जमेल का, अशी मुलाला शंका आली. तोडगा असा निघाला की मुलाने चीज करायचंच नाही, रोज नुसतं दूध आणून घालायचं. मग शेजाऱ्यांचंही दूध येऊ लागलं आणि त्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गडीमाणसं लढाईवर गेली, घरातल्या बायांवर शेतीचाही भार पडला, शिवाय इंग्लंडची मागणी वाढली. तेव्हा ही पद्धत गावोगाव पसरली. विस्कॉन्सिनमध्ये चेस्टर हेझनने लडोगा इथे १८६४ साली कारखाना काढला. त्याच सुमारास कॅनडात नॉर्विच इथे हार्वी फॅरिंग्टन न्यूयॉर्कहून जाऊन तेच करत होता.

या सगळ्यातली तांत्रिक बाजू इथे सविस्तर यावी अशी इच्छा आहे. जाणकारांनी लिहावं.

पेठकर
चरवी, 'पहिला' कोणाला म्हणायचं यावर माझी हरकत आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरात तेराव्या शतकापासून गावकरी दूध एकत्र करून चीज करत आले आहेत. कारण साधं आहे. तिथल्या कोंते चीजच्या सुमारे ४० किलोच्या एका चाकाला ४०० लिटरच्या आसपास दूध लागतं. दोन-चार गायी असलेल्या घरात ते एका दिवसात कधीच निघणार नाही. डोंगरात बर्फ पडला की बाजार बंद, म्हणून चीज मोठं आणि टिकाऊच हवं. बर्नजवळ कीझन इथली सामाईक चीज-डेअरी १८१५ ची. अमेरिकेतही कनेटिकटच्या गोशेनमध्ये लुईस नॉर्टन शेजाऱ्यांकडून तयार कर्ड, म्हणजे रेनेटने जमवलेलं दूध, विकत घेऊन अननसाच्या आकाराचं चीज करायचा.

चरवी
हरकत मान्य. 'अमेरिकेतला' हा शब्द घालायला हवा होता. एक फरक मात्र राहतो. नॉर्टन कर्ड घ्यायचा, म्हणजे कामाचा नाजूक भाग शेतकऱ्याच्याच घरी व्हायचा. विल्यम्सने दूध घेतलं आणि रेनेटपासून पुढचं सगळं एका हाताखाली आणलं. जुरामधली पद्धत जुनी आणि पक्की, पण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. ओनायडात काही वर्षांत परिस्थिती अशी झाली की चीज करणारा पगारी माणूस, दूध घालणारी घरं त्याच्या ओळखीची असतीलच असं नाही, आणि खाणारा समुद्रापलीकडे. वजन, नमुना, तपासणी यांची गरज त्यातून आली.

रानजाई
प्रत्यक्ष कृती कोणी लिहील का? भांडी कसली, किती गरम, किती वेळ? घरी पनीर करणाऱ्यांना समजेल अशा शब्दांत लिहिलंत तर बरं.

निवळी
@रानजाई, लिहिते. आधी एक शब्द स्पष्ट करते. रेनेटने दूध आवळून जे जमतं त्याला आपल्याकडे डेअरीत कर्डच म्हणतात. दही म्हटलं की घोटाळा होतो, कारण दही आंबटपणाने लागतं आणि पनीर आंबट घालून फाडतात. रेनेटचं कर्ड दूध गोड असतानाच जमतं आणि रबरासारखं आकसत पाणी, म्हणजे निवळी, सोडतं. चीजचा सगळा खेळ या आकसण्यावर आहे.

जागा: ओढ्याकाठी किंवा झऱ्याखाली, कारण गार पाणी फुकट मिळतं. बाहेर ओटा, ओट्यावर कॅन उचलायची चरखी. दूध आधी तराजूवरच्या मोठ्या डब्यात पडतं, वजन वहीत चढतं, मग पन्हाळीने व्हॅटमध्ये जातं. व्हॅट म्हणजे बाहेर लाकडी हौद, आत कल्हईच्या पत्र्याचा दुसरा हौद, मधल्या फटीत पाणी. रात्री त्यात गार पाणी फिरवायचं, सकाळी वाफ सोडायची. हे दुहेरी भांडं फार महत्त्वाचं. चुलीवरच्या पातेल्यात दूध तळाला लागतं, इथे लागत नाही.

१. रात्रीचं दूध गार ठेवताना अधूनमधून हलवत राहायचं, नाहीतर साय वर येते, सकाळी नीट मिसळत नाही आणि ती फॅट पुढे निवळीबरोबर वाहून जाते.

२. सकाळचं दूध घालून २९ ते ३० अंश सेल्सिअसला आणायचं. रंग हवा असेल तर शेंदरीच्या बियांचा रंग, म्हणजे अनाटो, रेनेटच्या आधी.

३. रेनेट: बाजारी अर्क असेल तर १००० पौंड दुधाला ३ औंसांच्या आसपास, म्हणजे १०० लिटरला साधारण २० मिली. गार पाण्यात पातळ करून घालायचं, दोन-तीन मिनिटं ढवळायचं आणि मग हात लावायचा नाही. जमत असताना दूध हललं की कर्ड कायमचं कमकुवत राहतं.

४. अर्ध्या तासाने बोट तिरकं खुपसून हळू वर उचलायचं. कर्ड सरळ रेषेत फाटलं आणि फटीत स्वच्छ हिरवट निवळी जमली तर कापायला तयार. फटीत पांढुरकं पाणी दिसलं तर थांबायचं. बोटाला कर्डाचे कण चिकटले तरी थांबायचं.

५. दोन सुऱ्या असतात, एकीची पाती आडवी, दुसरीची उभी. आधी आडवी लांबीने फिरवायची, मग उभी लांबी-रुंदीने. तुकडे १ सेंटीमीटरच्या आसपास.

६. आता हळूहळू ३८ अंशांपर्यंत. दर ५ मिनिटांना एखादा अंश, त्याहून घाई नाही. घाई केली तर तुकड्याच्या बाहेरून कातडी धरते, आतलं पाणी आतच कोंडतं आणि दोन महिन्यांनी चीज आंबट, चिकट निघतं. नवशिक्याच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

७. निवळी सोडायची ती आंबटपणा पाहून. मग कर्डाचे तुकडे एकमेकांना चिकटून चादर होते. तिच्या लाद्या कापून दर १५ मिनिटांनी उलटायच्या, एकावर एक रचायच्या. चेडर करणं म्हणतात ते हेच. लादी फाडून पाहिली तर शिजलेल्या कोंबडीच्या मांसासारखे पदर दिसायला हवेत.

८. चक्कीत बारीक करून मीठ: १००० पौंड दुधाला २ ते ३ पौंड. मिठाने आंबणं आवरतं आणि उरलेलं पाणी सुटतं. मग कापड लावलेल्या गोल साच्यात भरून स्क्रूच्या दाबाखाली रात्रभर. दाब सुरुवातीला हलका. एकदम आवळलं की बाहेरचा थर मिटतो आणि पाणी आत अडकतं.

९. मुरवण्याच्या खोलीत फळ्यांवर. रोज उलटायचं, वरून निवळीतून काढलेल्या लोण्याचा हात फिरवायचा. कापडाला किंवा सालीला चीर गेली की चीजमाशी तिथे अंडी घालते आणि उड्या मारणाऱ्या अळ्या होतात.

दहा पौंड दुधाला एक पौंड चीज, हा तेव्हाचा ढोबळ हिशेब आजही बरोबर आहे.

सायसाखर
'आंबटपणा पाहून' म्हणजे नक्की कसा पाहायचा? तेव्हा पीएच मीटर नव्हता.

निवळी
गरम लोखंडाने. लोखंडाची पट्टी लाल होण्याच्या किंचित अलीकडे तापवायची. मूठभर कर्ड हातात आवळून पाणी काढायचं, पट्टीला टेकवायचं आणि हळूच मागे ओढायचं. आंबटपणा आला असेल तर रेशमासारखे बारीक धागे सुटतात. निवळी सोडायच्या वेळी धागा साधारण पाव इंचाच्या आत, चक्कीत घालायच्या वेळी इंच-दीड इंच. धागाच नाही निघाला तर कर्ड अजून गोड आहे. खूप लांब जाऊन तुटला, चुरा झाला तर वेळ टळली.

धागा का निघतो? आम्ल वाढलं की केसिनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) बांधून ठेवणारं कॅल्शियम सुटतं आणि ते ताणलं जाऊ लागतं. मोझरेला ताणतात तेही याच टप्प्यावर. पुढे १८९० च्या दशकात फिनॉल्फ्थॅलीन घालून अल्कलीने टायट्रेशन करण्याची सोय कारखान्यांत आली, आपल्या डेअरीत आजही ॲसिडिटी अशीच काढतात.

इंग्लंडात सॉमरसेटच्या जोसेफ हार्डिंगने ही शिस्त आधीच बसवली होती: स्वच्छता, ठरलेलं तापमान, आंबटपणावर नजर. अमेरिकन दूधउत्पादकांच्या संघटनेने झर्क्सीस विलर्डला १८६६ मध्ये तिकडे पाहायला पाठवलं आणि त्याचे अहवाल कारखानदारांनी वाचले.

मुठेकाठ
मूळ मुद्द्याकडे येतो: दुधाची फसवणूक. सुरुवातीला पैसे नुसत्या वजनावर वाटले जात. अर्थातच तीन उद्योग सुरू झाले.

पहिला, पाणी. दुसरा, रात्रीच्या दुधावरची साय घरी काढून घेणं. तिसरा सगळ्यात छुपा: शेवटच्या धारा घरी ठेवणं. गाय-म्हैस पिळणाऱ्या कोणालाही माहीत आहे की पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या दाट. शेवटचा लिटरभर घरच्या लोण्याला ठेवला आणि उरलेलं कारखान्याला घातलं तर त्यात पाण्याचा थेंबही नसतो, तरी कारखाना बुडतो.

लॅक्टोमीटरने पाणी कळतं, कारण दूध हलकं होतं. पण साय काढली की दूध जड होतं, आकडा वर चढतो. म्हणून साय काढून बेताने पाणी घातलं तर आकडा पुन्हा जागेवर! नुसत्या डिग्रीवर विसंबणाऱ्या कुठल्याही केंद्राला हे आजही लागू आहे. सायमापी नळ्या होत्या. त्यात दूध उभं ठेवून दुसऱ्या दिवशी सायीचा थर मोजायचा. पण थराची जाडी थंडीवर आणि गायीच्या जातीवर बदलते, म्हणून त्यावरून भांडणच वाढायचं.

हे मिटवलं स्टीफन बॅबकॉकने, विस्कॉन्सिन विद्यापीठात, १८९० साली. पेटंट घेतलं नाही, कृती सरळ छापून वाटली. अरुंद मानेच्या बाटलीत १७.६ मिली दूध, त्यावर तेवढंच, १७.५ मिली गंधकाम्ल, घनता १.८२ च्या वर. आम्ल बाकी सगळं विरघळवतं, फॅट मोकळी होते. यंत्रात ५ मिनिटं फिरवायचं, मानेपर्यंत गरम पाणी, २ मिनिटं, पुन्हा गरम पाणी, १ मिनिट. ५५ ते ६० अंशांना मानेवरच्या खुणांवर फॅट थेट टक्क्यात वाचायची. थरात काळे ठिपके आले तर आम्ल जहाल होतं किंवा दूध गरम होतं. खाली पांढरा गाळ राहिला तर आम्ल कमी पडलं किंवा दोन्ही फार गार होती.

आपल्याकडची बाटली निक्लाउस गर्बरची, स्वित्झर्लंडमधली, लगेच नंतरची. १० मिली आम्ल (घनता १.८१ च्या आसपास), १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज आणि ६५ अंशांचं पाणी. आता केंद्रावर अल्ट्रासॉनिक यंत्र असतं, पण त्याचं कॅलिब्रेशन कशाशी ताडून करायचं असा वाद आला की गर्बरच निघते.

पेठकर
फॅटवर पैसे वाटणं चीजच्या बाबतीत न्याय्य आहे का? चीज फॅटचं नसतं फक्त, केसिनचंही असतं.

मुठेकाठ
हाच वाद तेव्हा पेटला होता. न्यूयॉर्कच्या जिनिव्हा प्रयोगकेंद्रातल्या लुशियस व्हॅन स्लाइकने दुधाचे असंख्य नमुने तपासून गायीच्या दुधासाठी एक नियम दिला: फॅट ३ टक्के असेल तर केसिन २.१, आणि पुढे फॅटच्या दर एका टक्क्याला ०.४ ची वाढ. दुधातून किती चीज उतरेल त्याचं सूत्र असं: फॅटला ०.९३ ने गुणा, केसिन मिळवा, ०.१ वजा करा, १.०९ ने गुणा, आणि (१ वजा चीजमधल्या पाण्याचा अंश) याने भागा.

पाणी ३७ टक्के धरून १०० किलो दुधाला:
फॅट ३ : ८.३ किलो चीज
फॅट ४ : १०.६ किलो
फॅट ५ : १२.९ किलो

म्हणजे ५ फॅटवाल्याला ३ वाल्याच्या १.६७ पट पैसे मिळतात, पण त्याच्या दुधातून चीज १.५५ पट निघतं. दाट दूधवाल्याला थोडं जास्त मिळतं, हे खरं. व्हॅन स्लाइक तरीही फॅटच्याच बाजूने होता, कारण जास्त फॅटचं चीज चवीला आणि भावाला सरस, आणि नुसत्या वजनावरचा अन्याय याच्या कितीतरी पट मोठा. आपली फॅट-एसएनएफची दुहेरी पद्धत हीच त्रुटी भरून काढते. एसएनएफमध्ये केसिन येतं.

रोज प्रत्येकाची बाटली फिरवणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक बरणी, तीत रोजच्या दुधातून लहान पळीभर, दूध नासू नये म्हणून विषारी औषधाची रंगीत गोळी, आणि आठवड्याने एकच तपासणी. गोळी रंगीत असायची ती कोणी चुकून ते दूध पिऊ नये म्हणून.

सायसाखर
फॅट कळली, पाणी कळलं. घाण दूध कसं पकडायचे? शंभर घरचं दूध एका हौदात पडल्यावर कोणाचं खराब ते कसं सांगणार?

निवळी
विस्कॉन्सिन कर्ड टेस्टने, हीही १८९० च्या दशकातली आणि बॅबकॉकच्याच विद्यापीठातली. मला ती सगळ्यात सुंदर वाटते, कारण तिला यंत्र जवळजवळ लागत नाही.

प्रत्येकाच्या दुधाची एकेक उकळून घेतलेली काचेची बरणी, अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. सगळ्या बरण्या ३७ अंशांच्या पाण्यात उभ्या. प्रत्येकीत रेनेटचे १० थेंब. जमलं की सुरीने बारीक करायचं, निवळी ओतून टाकायची, झाकण लावून तसंच उबेत ठेवायचं. मधून मधून पुन्हा निवळी काढायची. सुरी प्रत्येक बरणीनंतर गरम पाण्यातून काढायची, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी. ६ ते १२ तासांनी झाकण उघडून आधी वास घ्यायचा आणि मग गोळा मधोमध कापायचा. चांगल्या दुधाचा काप गुळगुळीत, घट्ट. घाण दुधाच्या कापावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि गोळा स्पंजासारखा फुगलेला. हे वायू करणारे जंतू, बहुतेक शेणातून आलेले.

हेच मोठ्या व्हॅटमध्ये झालं की कर्ड निवळीवर तरंगू लागतं. तेव्हा उपाय एवढाच: लाद्या जास्त वेळ रचून ठेवायच्या, आंबटपणा वाढू द्यायचा, चक्कीनंतर हवेशीर ढवळायचं. चीज कसंबसं वाचतं, पहिल्या प्रतीचं होत नाही.

चिकाचं दूधही असंच धोक्याचं. व्यायल्यावरचे पहिले काही दिवस कारखान्यात दूध घालायला मनाई असायची. खरवसाला ते उत्तम, पण त्यातली प्रथिनं वेगळी, रेनेट नीट लागत नाही.

रानजाई
फार छान माहिती. रेनेट वासराच्या पोटातलं ना? मग आपल्याकडच्या चीजवर हिरवा ठिपका कसा?

निवळी
तेव्हा वासराच्या चौथ्या पोटाचंच. पोट मिठात वाळवून ठेवायचं, लागेल तसा तुकडा मिठाच्या पाण्यात किंवा निवळीत भिजवायचा. प्रत्येक पोटाची ताकद वेगळी, कधी तेच सडकं, आणि त्यातूनच जंतू व्हॅटमध्ये. १८७४ मध्ये कोपनहेगनच्या क्रिस्टियन हॅन्सनने ठरलेल्या ताकदीचा बाटलीतला अर्क बाजारात आणला आणि एवढ्या दुधाला एवढे औंस असं छातीठोकपणे सांगता येऊ लागलं.

१९६० च्या दशकात बुरशीपासूनचं रेनेट आलं. १९९० मध्ये सूक्ष्मजीवांकडून तयार केलेल्या कायमोसिनला (रेनेटमधल्या दूध आवळणाऱ्या मुख्य घटकाला) अमेरिकेत परवानगी मिळाली. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज अशा बिगर-वासराच्या रेनेटचं. बुरशीचं रेनेट जरा जास्त झालं किंवा चीज लांब मुरवलं तर कडवटपणा येतो, तेवढं सांभाळावं लागतं.

सायसाखर
आणि म्हशीचं दूध? वरची सगळी कृती गायीची दिसते.

मुठेकाठ
हो, आणि ती जशीच्या तशी म्हशीच्या दुधाला लावली की फसते. म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि केसिन जास्त, म्हणून रेनेट लवकर लागतं, कर्ड कडक होतं आणि पाणी भराभर टाकतं. चीज कोरडं होतं आणि मुरायला फार वेळ घेतं. शिवाय फॅट ७ आणि केसिन ३.४ धरलं तर केसिन-फॅटचं प्रमाण ०.४९ पडतं. चेडरला ते ०.७ च्या आसपास हवं. म्हणजे साय काढून फॅट ४.८ पर्यंत आणावी लागते. रेनेट कमी, शिजवण्याचं तापमान थोडं खाली, तुकडे थोडे मोठे, अशा तडजोडी करतात. काही जण गायीचं दूध मिसळतात. आपल्याकडे चौकोनी वडीचं प्रोसेस्ड चीज इतकं चालतं त्याचं एक कारण हेही आहे. कच्चं-पक्कं चीज एकत्र करून, क्षार घालून वितळवलं की पोताची उणीव झाकली जाते.

चरवी
बाजाराची एक गोष्ट राहिली. सेपरेटर आल्यावर, म्हणजे द लावालच्या १८७८ च्या यंत्रानंतर, साय पूर्ण काढणं सोपं झालं. मग काहींनी साय काढलेल्या दुधात डुकराची चरबी घालून चीज केलं आणि पूर्ण दुधाचं म्हणून इंग्लंडला पाठवलं. उन्हाळ्यात ते घामेजायचं, वास मारायचं. गिऱ्हाईक तुटलं ते सगळ्याच अमेरिकन चीजचं, प्रामाणिक कारखान्यांचंही. १८९६ मध्ये अमेरिकेने अशा भेसळ चीजवर कर आणि शिक्क्याची सक्ती बसवली, पण तोवर कॅनडाने ती जागा घेतली होती. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ऑन्टारियोतल्या पर्थचं २२,००० पौंडांचं एकच चीज ठेवलं होतं ते याच जाहिरातीसाठी.

रानजाई
एवढी निवळी उरायची तिचं काय करायचे? दहातले नऊ पौंड म्हणजे नदीच झाली.

निवळी
डुकरांना. कारखान्यामागे लाकडी टाकी असायची आणि दूध घालणारा आपल्या रिकाम्या कॅनमध्ये हिश्शाची निवळी घेऊन जायचा. नासाडीचं सगळ्यात मोठं मूळ हेच. कालच्या, परवाच्या निवळीने आंबलेली टाकी, तीच निवळी दुधाच्या कॅनमध्ये, दुपारभर उन्हात कॅन गाडीवर, आणि संध्याकाळी त्यात नुसतं पाणी फिरवून ताजं दूध. एका घरचे वायू करणारे जंतू टाकीमार्गे आठवड्यात सगळ्या गावात पोचायचे, गुरांचा क्षयही तसाच डुकरांपर्यंत. म्हणून पुढे नियम आले. निवळी टाकीत सोडताना वाफेने ७० अंशांच्या जवळ तापवायची, टाकी ठरल्या दिवशी रिकामी करून घासायची, आणि घरी पोचल्याबरोबर कॅन ओतून आधी गार पाण्याने, मग सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि शेवटी उकळत्या पाण्याने धुऊन तोंड खाली करून उन्हात ठेवायचा. क्रम बदलायचा नाही. आधीच गरम पाणी घातलं तर दुधाची प्रथिनं पत्र्याला भाजून चिकटतात आणि मग कितीही घासलं तरी सांध्यातला पिवळा थर निघत नाही.